भाईंदरचा रुसलेला दिवा

लोकांना हिमालय बोलावतो. मला भाईंदर पूर्वेच्या एका थिएटरचे शेठ बोलावतात. "भाऊ, लॅम्प जल्दी पेटत नाय. पब्लिक सिटी मारते," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी नाशिकचा, सिनेमाचे प्रोजेक्टर दुरुस्त करतो, म्हणजे महाराष्ट्रातली सगळी प्रेक्षणीय स्थळं मी केबिनच्या खिडकीतून पाहिलेली आहेत. बायको म्हणाली, "समुद्र आहे ना तिकडे? करा मजा." मजा म्हणे!

कसारा घाट उतरून ठाण्यापर्यंत रस्ता शहाण्यासारखा वागतो. पुढे घोडबंदर रोड. निवांत निसर्ग न्याहाळायचा असेल तर हा रस्ता अजिबात चुकवू नका, एकाच ट्रकची मागची बाजू इतकी सविस्तर दुसरीकडे कुठेच पाहायला मिळत नाही. भल्या पहाटे गायमुखचा घाट ओलांडा, ही टीप फुकट. मुक्काम मीरा रोडला, स्टेशनजवळच्या लॉजवर. सी व्ह्यू नाही, पण समोरच्या बिल्डिंगमधली मालिका बसल्या जागी स्पष्ट दिसते. खाली मिसळ मागवली तर गोड आमटीत फरसाण बुडवून आलं. नाशिकच्या माणसाने अशा वेळी भांडू नये, वडापाव खावा.

थिएटर गोडदेवच्या बाजूला. गोडदेव हे गाव आहे म्हणतात, मला सगळ्या बिल्डिंगाच दिसल्या. केबिनमध्ये ऑपरेटर वंदनाताई होत्या, तिशीच्या, मीरा रोडलाच वाढलेल्या. त्यांनी बटण दाबलं. टिक-टिक-टिक. पडदा काळाठिक्कर. पुन्हा टिक-टिक-टिक. लग्नात रुसलेल्या जावयासारखा बराच वेळ घेऊन दिवा एकदाचा पेटला.

"शनिवारको बडा पिक्चर है," शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, पण ऐकवत होते ताईंना. "एक झटके में नहीं जला तो नया ऑपरेटर. मी कोणाला पोसायला बसलो नाय."

शेठ गेल्यावर ताई म्हणाल्या, "दादा, मिस्टरांचं काम सुटलंय, घर माझ्यावर चालतंय. पण ते सोडा. इथे माझे सासरे ऑपरेटर होते, अण्णा. त्यांनीच मला घरी बसून सगळं तोंडी शिकवलं, शेठला शब्द देऊन इथे लावलं. आता ते घरात बोलतच नाहीत माझ्याशी. एवढं सांगून साधा दिवा सांभाळता आला नाही, म्हणतात." डोळे पुसून त्या परत मशीनकडे वळल्या. मला शेठचा भयंकर राग आला.

ज्यांच्या घरी सिनेमाचा प्रोजेक्टर आहे त्या असंख्य वाचकांसाठी थोडी माहिती. दिवा उशिरा पेटला तर आधी तो किती तास जळलाय ते बघा. मग दोन्ही टोकांच्या जोडण्या. इथे खाडीचा खारा वारा, तांबं हिरवं व्हायला वेळ लागत नाही. मग इग्नायटर, म्हणजे ठिणगी देणारा डबा. मग व्होल्टेज. मी सगळं घासलं, आवळलं, मोजलं. सगळं ठणठणीत, आणि दिवा तसाच हट्टी. म्हणजे दोष दिव्यातच. या दिव्यात गॅस प्रचंड दाबाने कोंडलेला असतो, म्हणून तोंडावर जाळी आणि अंगावर जाड जॅकेट चढवूनच तो काढावा लागतो. शेठ जिन्याच्या खालून मला धीर देत होते, "डरो मत!"

दिवा हातात आला आणि मी चक्रावलो. आतली टोकं झिजून बोथट, काच काळी पडलेली. आणि अर्धं आयुष्यही झालं नव्हतं त्याचं.

नवा दिवा मुंबईहून दुसऱ्या दिवशी येणार होता. तोवर बायकोच्या आज्ञेनुसार समुद्र पाहायला भाईंदरच्याच पाली नावाच्या कोळीवाड्यात गेलो. बोळ इतके अरुंद की समोरून स्कूटर आली की कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. एका मावशींना विचारलं, ताजे बोंबील मिळतील का?

"आज न्हाय. वारा हाय," त्या म्हणाल्या. "सुके ने."

सुके घेतले. त्यानंतर गाडीत माझ्याशेजारी बसायची कुणाची हिंमत झाली नाही, तेवढाच आराम.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा दिवा बसवला. पहिल्याच झटक्यात लख्ख! शेठनी खूश होऊन चहा मागवला, दोघांत एक. पण माझ्या जिवाला चैन नव्हती. जुन्याला मारलं कुणी ते कळलं नाही तर हाही मरणार, आणि बिल ताईंच्या नावावर फाटणार. मी म्हटलं, "ताई, शेवटच्या शोनंतर काय काय करता ते दाखवा बघू."

त्यांनी करंटचा नॉब धरला आणि सरळ फुल्लवर नेला.

"अहो, काय करताय!"

"दिवा वाढवतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "अण्णांनी सांगितलंय, शो संपला की आधी दिवा वाढवायचा, मग पंखा दहा मिनिटं चालू ठेवायचा, मग मेन बंद."

अरे देवा! दिवा विझवायचा, पंख्याने गार होऊ द्यायचा, एवढंच अण्णा सांगत होते. ही बिचारी रोज दिवा भडकवून, दहा मिनिटं तसाच जाळून, लालबुंद असतानाच मेन पाडत होती. मीरा रोडच्या पोरीला 'वाढव' म्हणजे बढाओ. पंगतीत भात वाढतात, टीव्हीचा आवाज वाढवतात, तसा दिवा वाढवला. तिचं काय चुकलं?

अण्णांच्या घरी गेलो. रत्नागिरीकडचे, ताठ कण्याचे, बोलायला तिखट. "हिला दहादा सांगितलंय," त्यांनी सुरुवात केली. मी सगळं सांगितलं. तसे ते म्हणाले, "दिवा विझव कसं म्हणणार हो? आमच्यात कुणी म्हणत नाही. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात, नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. तोंडालाच येत नाही तो शब्द."

टोपी घातली आणि माझ्याबरोबर थेट शेठसमोर उभे राहिले. "चूक माझ्या जिभेची आहे, शेठ. बंद कर म्हणायचं तिथे मी वाढव म्हटलं. हिची नाही. काढायचं तर माझा शब्द काढा."

शेठनी विचारात पडून डोकं खाजवलं. "बढाने को बोला तो बढाया ना! इसमें लडकी का क्या?" आयुष्यात पहिल्यांदा मला शेठचा युक्तिवाद पटला. शनिवारी दिवा एका झटक्यात पेटला, शिट्ट्या वाजल्या त्या हिरोसाठी, आणि ताई केबिनमध्येच राहिल्या.

नाशिकला परतलो. बायकोने सुके बोंबील पाहून समुद्राबद्दल काही विचारलं नाही. तुम्ही विचाराल, भाईंदरला जावं का? घोडबंदरसाठी नाही, मिसळीसाठी तर मुळीच नाही. मी मात्र तिकडून आल्यापासून कुणाला काही सांगितलं की समोरच्याला काय समजलं ते विचारतो. घरात सगळे वैतागलेत.

परवा ताईंचा फोन आला. दिवा छान चाललाय म्हणाल्या. अण्णा आता बोलतात, शेवटचा शो संपायच्या वेळी रोज फोनही करतात.

"काय सांगतात?"

"बंद कर म्हणतात. पण दादा, म्हणताना त्यांचा आवाज अडकतो हो. शेवटी काल मीच म्हटलं, अण्णा, तुम्ही वाढवच म्हणा. मी विझवते."