काही हरकत नाही

आमच्या घरात 'काही हरकत नाही' हे तीन शब्द उच्चारायला बंदी आहे. शिव्या चालतात. (दादांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, तर पाहुण्यांनाही पाठ आहेत.) पण हे तीन शब्द कुणाच्या तोंडून चुकून जरी निघाले, तरी आई हातातलं लाटणं खाली ठेवते आणि सगळे माझ्याकडे बघतात.

बंदी लागू झाली दोन हजार चार साली. मी नुकतीच बी.ए. झाले होते. तीन वर्षं रोज एसटीने पुण्याला जाऊन मी एक पदवी मिळवली आणि एक सवय लावून घेतली. आमच्या भरे गावात कुणी पायावर पाय दिला तर माणूस म्हणतो, "डोळं फुटलं का रं?" पुण्यात म्हणतात, "काही हरकत नाही." मला ते भलतंच आवडलं. भाजी खारट झाली, काही हरकत नाही. एसटी चुकली, काही हरकत नाही. एकदा शेळीने माझी वाळत घातलेली ओढणी खाल्ली, तेव्हा मी तिलाही तेच म्हणाले!

"चालतंय म्हणायला काय जीभ झडती का हिची?" आई विचारायची.

खरा घोळ होता पुढे काय करायचं याचा. मला लॉ करायचं होतं. तेवढ्यात पिरंगुटच्या एका कंपनीत ऑफिसातली नोकरी सांगून आली. कंपनीला सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि लॉचा फॉर्म भरायची शेवटची तारीखही नेमकी सोमवारचीच.

"वकिली म्हंजी दुसऱ्याची भांडणं डोक्यावर घ्यायची," दादा म्हणाले.

"घरातली कमी पडत्यात व्हय तिला?" आईने फोडणी दिली.

मी जोरात वाद घालत होते, पण आतून माझीच चाळण झाली होती. आपल्याला हे जमेल का? चारचौघांत बोलता येईल का? नोकरी सोडून फजिती झाली तर? तीन रात्री मला धड झोप नव्हती.

त्यात शुक्रवारी पौडला तारीख होती. दादांचे चुलतभाऊ बाळूअण्णा यांनी आपली जमीन पुण्याच्या एका पार्टीला विकली, आणि त्या खरेदीखतात आमचे आंब्याखालचे दोन गुंठेही गुपचूप जाऊन बसले. सातबाऱ्यावर तशी नोंद होऊ नये म्हणून दादांनी तहसील कचेरीत लेखी हरकत घेतली होती. (हरकत. हा शब्द लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.) तलाठ्याच्या वरचे मंडल अधिकारी दोघांचं ऐकून निकाल देणार होते.

आणि शुक्रवारी पहाटे दादांची दाढ उठली! गाल इतका सुजला की टोपी सरळ बसेना. पिरंगुटला डॉक्टरच्या पायरीवर त्यांनी मला थांबवलं.

"पोरी, आज तू बोल. दोन गुंठं राखलंस तर वकिली शीक. न्हाई राखलंस तर सोमवारी गप कंपनीत जायाचं. कबूल?"

"काही हरकत नाही, दादा!"

डॉक्टरांनी दाढ उपटली, खड्ड्यात कापसाचा बोळा कोंबला आणि बजावलं, "घट्ट दाबून धरा. बारा वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

अकरा वाजता आम्ही साहेबांसमोर होतो. एका बाजूला परीटघडीचे बाळूअण्णा, दुसऱ्या बाजूला मी आणि गालाला उपरणं बांधलेले दादा. रात्रभर पाठ केलेलं भाषण मी मनात घोकत होते, 'महोदय, सदर दोन गुंठे आमच्या वहिवाटीत...' कोपऱ्यात जबाब लिहून घेणारे भाऊसाहेब खाली मान घालून लिहीत होते. ते ऐकत आणि लिहीत. मान मात्र वर करत नसत.

"लिहा," साहेब त्यांना म्हणाले, "अर्जदारातर्फे त्यांची मुलगी हजर. अर्जदाराचं म्हणणं पुढीलप्रमाणे..." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो आटोपून ते माझ्याकडे वळले. "मुली, आधी यांचं ऐकून घेतो. चालेल ना?"

"काही हरकत नाही, साहेब."

भाऊसाहेबांचा पेन करकरला.

"पंखा बंद आहे हो, उकडत असेल."

"काही हरकत नाही, साहेब!"

पेन पुन्हा करकरला. दादांनी माझा दंड धरला. मला वाटलं, कळ आली असावी.

साहेब बाळूअण्णांचे कागद चाळू लागले, तेवढ्यात चहा आला. शिपाई म्हणाला, "साखर संपलीया, बिनसाखरेचा हाय."

मी अत्यंत सुसंस्कृत हसले. "काही हरकत नाही."

"झालं," भाऊसाहेबांनी कागद उचलला आणि भरधाव वाचून दाखवला. "अर्जदारातर्फे हजर मुलगी विचारल्यावरून सांगते की काही हरकत नाही, तीनदा विचारले असता तीनदा तेच सांगितले, जबाब वाचून दाखवला तो बरोबर आहे. बरोबर ना? सही करा."

मला त्यातले माझे तीन शब्द तेवढे कळले. ओळखीचे वाटले. बरंही वाटलं.

"ऊं! ऊंऊं!" दादा उठून उभे राहिले. डोळे बाहेर आलेले.

"दादा, बोलू नका ना! रक्त येईल!" मी त्यांना दाबून खाली बसवलं आणि ठसठशीत सही केली. न वाचता! भाषण करायला कधी सांगतात याची वाट पाहत मी उभीच राहिले, तर बाळूअण्णा हात जोडून बाहेर निघालेसुद्धा. जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लई शानी पोर. दादा, हिला वकीलच कर!"

विरुद्ध पार्टीने आशीर्वाद दिल्यावर तरी मला संशय यायला हवा होता. मला अभिमान वाटला.

व्हरांड्यात दादांनी तोंडातला बोळा उपसला, भिरकावला आणि तांबड्या तोंडाने ओरडले, "आगं, हरकत न्हाई म्हणालीस! आपुन हरकत घ्यायला आलोय न्हवं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन गुंठे, आंबा, वकिली, सगळं मी बिनसाखरेच्या चहावर घालवलं होतं!

साहेब जेवायला जीपमध्ये बसत होते. मी पळत जाऊन जीपच्या पुढे उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी असं कुणाला अडवलं असेल.

"साहेब, माझी हरकत आहे!"

"कशाला?"

"माझ्याच जबाबाला!"

साहेबांनी चष्मा काढला. मी सांगू लागले. भाषणातला एक शब्द आठवेना, म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं. पंखा, चहा, पुण्याची सवय, दादांची दाढ. आणि तो आंबा माझ्या आजोबांनी लावला, त्याच्या पाडाची आढी दरवर्षी आमच्याच घरात लागते, हेही. बोलता बोलता रडूच फुटलं. मागून दादा पुराव्यादाखल सुजलेला गाल पुढे करत होते. ड्रायव्हरही हसत होता.

"आदेश अजून लिहिला नाही म्हणून वाचलात," साहेब शेवटी म्हणाले. "जबाब चुकून झाला असा अर्ज द्या. समोरच्या पार्टीलाही निरोप धाडतो, त्यांच्यासमोरच नवीन जबाब घेऊ. पण तीनपर्यंत थांबावं लागेल."

"काही ह..."

दादांचा पंजा माझ्या तोंडावर बसला. "थांबती ती, सायेब!"

तीन वाजता बाळूअण्णांच्या पडलेल्या चेहऱ्यासमोर नवा जबाब झाला. मी तो चार वेळा वाचला, पाचव्यांदा दादांना वाचून दाखवला आणि मगच सही केली. नोंद थांबली. पुढे सरकारी मोजणी झाली आणि दोन गुंठे आमच्याकडे राहिले. पण ते पुढे. त्या दिवशी परतीच्या एसटीत दादा गाल धरून बसले होते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं: सोमवारी कंपनी. ज्या मुलीला स्वतःचा जबाब सांभाळता येत नाही तिने दुसऱ्यांचे कशाला हातात घ्यावेत?

रविवारी संध्याकाळी दादांनीच लॉचा फॉर्म मागितला.

"कशाला, दादा? मी कंपनीत जाते."

"कंपनीत जाऊन समद्याला हरकत न्हाई म्हणत बसलीस, तर लोक कंपनी इकून खातील," दादा म्हणाले. "जीपपुढं हुबी ऱ्हायलीस ना? आईच्यान, मला न्हवतं जमलं. तोंड हाय तुला. फकस्त कुटं काय बोलायचं त्ये शीक."

आई लाटणं घेऊन उगाचच चुलीकडे वळली.

दादांनी फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला. तळाला पालकांच्या सहीची जागा होती. सही करून त्यांनी तो घडी घालून माझ्या हातात दिला.

सोमवारी कॉलेजच्या खिडकीशी दोन तास रांगेत उभं राहून मी तो फॉर्म आत सरकवला. आतल्या बाईंनी तो दिव्याखाली धरला. तळाला छापलं होतं, 'माझ्या पाल्याने हा अभ्यासक्रम घेण्यास माझी काही हरकत नाही.' दादांनी शेवटचे तीन शब्द पेनाने गिरगटून टाकले होते आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चालतंय.'

"खाडाखोड झालेला फॉर्म घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "नवीन भरून, पालकांची सही आणून, पाचच्या आत पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल."

भरे गाव एसटीने तासाभरावर. घड्याळात एक वाजला होता. मी मागे वळून पाहिलं. तोंडावर पंजा ठेवायला दादा तिथे नव्हते.

"काही हरकत नाही," मी म्हणाले.