सातव्या मजल्यावरचा डायलचा फोन

माझ्या थोरल्या बहिणीला वारज्याच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर पाऊण तास उन्हात उभं केलं, तेव्हा मी सातव्या मजल्यावर तिच्यासाठी थालीपिठं लावत होते. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दर गुरुवारी सदाशिव पेठेतून बसने येते, जेवते, चार वाजेपर्यंत माझ्याशी वाद घालते आणि परत जाते. मोबाईल तिच्याकडे आहे, पण तो घरी चार्जिंगला लावलेला असतो. तिच्या मते त्याची जागा तीच.

त्या आठवड्यात सोसायटीत नवं ॲप सुरू झालं होतं. वॉचमन पाहुण्याचा फोटो काढतो, तो फ्लॅटच्या मोबाईलवर जातो, तिथून कोणी ‘हो’ दाबलं की पाहुणा आत. आमच्या फ्लॅटचा मोबाईल म्हणजे माझ्या मुलाचा. तो ऑफिसात मीटिंगमध्ये होता. त्याच्या खिशात ताई दोनदा वाजली आणि थांबली. शेवटी ती तशीच परत बसस्टॉपवर गेली.

“मी त म्हनलं होतं त्यायले, सावलीत बसा,” वॉचमन मला नंतर सांगत होता. विदर्भातून आलेला सज्जन माणूस आहे. “नाही बसल्या. मले त मालूम हायेत त्या, आजी. पन मशीन हो म्हनल्याशिवाय सोडाचं नाही, असं सांगतलं हाये.”

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज अगदी शांत. ती चिडली की शांत होते.

“तुझ्या घरी यायला तुझ्या मुलाची परवानगी लागते म्हणे. लागू दे बापडी. ज्या दिवशी तुझी पुरेल, त्या दिवशी कळव. तोवर मी येत नाही.”

आणि फोन ठेवला. मला रडू आलं नाही, संताप आला. फ्लॅट माझ्या नावावर आहे. सदाशिव पेठेतली जागा विकली, त्या पैशांतून तो घेतला. पण ॲपमध्ये मुलाचं नाव वर आणि माझं खाली, ‘इतर सदस्य’ या सदरात. स्वतःच्या घरात इतर.

मुलाला वाईट वाटलं, नाही असं नाही. “आई, तू स्मार्टफोन घे ना. दोन मिनिटांत ॲप टाकून देतो,” म्हणाला. हे तो चार वर्षं म्हणतोय आणि मी चार वर्षं नाही म्हणतेय. माझा बटणांचा मोबाईल आठवड्यातून एकदा चार्ज होतो आणि मी काय खरेदी करावी यावर मत देत नाही. मला आणखी काही नको. आणि मुख्य म्हणजे, घरात बहिणीला घेण्यासाठी मी काहीही विकत घ्यायला बांधील नाही.

मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीला ट्रंक कॉल जोडत असे, पुढे तक्रारींच्या टेबलावर बसले. कोणाचा फोन बंद पडला की बिघाड एक्स्चेंजमध्ये, रस्त्यात की ग्राहकाच्या घरात, हे शोधायचं काम. त्यामुळे जुन्या यंत्रांबद्दल कोणी हळवं बोलू लागलं की माझं डोकं फिरतं. गेल्या वाढदिवसाला मुलाने मला एक ‘रेट्रो’ टेलिफोन भेट दिला. पितळी रंगाचा, नक्षीदार. मी कौतुकाने डायलमध्ये बोट घातलं, तर डायल फिरेना. चिकटवलेली होती. आत तारसुद्धा नाही. आल्यागेल्याला तो फार आवडतो. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात, मग मलाही शेजारी उभं करतात. मी त्यातल्या एकाही फोटोत हसलेली नाही.

माझ्याकडचा काळा फोन वेगळा. खात्यातून भंगारात निघाला तेव्हा मी रीतसर अर्ज करून घेतला. वजनाला दगड, पण आतली घंटा, डायल, सगळं चालू. दर दिवाळीच्या आधी मी तो उघडते आणि पुसते. बिघडलाच तर कुठे बिघडला ते मला कळतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या भिंतीवरची पांढरी प्लेट मी स्क्रू ड्रायव्हरने उघडली. इथे राहायला आल्यापासून ती तिथे कोरीच होती. आत दोन तारा होत्या, टोकं कधी कोणी सोललेलीच नव्हती. बिल्डरने माहितीपत्रकात इंटरकॉम लिहिला होता. भिंतीतून तारा टाकल्या आणि पुढचं काम तिथेच सोडलं. मी खाली गेले. जिन्याखालच्या लोखंडी पेटीत सगळ्या फ्लॅट्सच्या तारांच्या जोड्या गुंडाळून ठेवल्या होत्या. तिथून गेटच्या केबिनपर्यंतही एक केबल पोचली होती. म्हणजे रस्ता तयार होता, फक्त मधलं छोटं एक्स्चेंज हवं होतं.

ते बुधवार पेठेत मिळणार. काळा फोन कापडी पिशवीत घालून मी बसने गेले. दुकानदाराने पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“काकू, विकायचाय का? रेट्रोला फार मागणी आहे सध्या. कॅफेवाले शोकेसमध्ये ठेवतात.”

“विकायचा नाही, वाजवायचा आहे. इंटरकॉमचं सगळ्यात लहान एक्स्चेंज दाखवा.”

“त्यावर हा नाही चालायचा. बटणांचा घ्या.”

“लावून बघू या.”

“अहो, उगाच माझा वेळ...”

“दुकानात दुसरं कोण आहे?”

कोणी नव्हतं. त्याने नाइलाजाने डब्याएवढं एक्स्चेंज काढलं, दोन तारा जोडल्या आणि दुसऱ्या फोनवरून नंबर लावला. घंटा वाजली. चांगली खणखणीत वाजली. समोरच्या दुकानातली दोन माणसं बाहेर येऊन बघू लागली. दुकानदार एक्स्चेंजला कागद गुंडाळू लागला.

जोडणी मीच केली. वॉचमनने टॉर्च धरली. केबिनमध्ये एक्स्चेंज आणि एक साधा फोन, माझ्या हॉलमध्ये काळा. वॉचमनने रिसीव्हर उचलून दोन आकडे दाबायचे, एवढंच. रविवारच्या सभेत सेक्रेटरीने विषय काढलाच. चाळिशीचा, आयटीतला, अतिशय नम्र.

“काकू, तुमच्या फीलिंग्ज मी समजू शकतो. पण ही अनऑथोराइज्ड वायरिंग आहे. सिक्युरिटीचा इश्यू होतो. सगळ्यांना एकच सिस्टिम हवी.”

“एकच हवी, तर जी बिल्डरने कबूल केली तीच हवी,” मी म्हणाले आणि माहितीपत्रक त्याच्यापुढे ठेवलं. “तारा सोसायटीच्या आहेत, मी फक्त जोडल्या. वॉचमन माझ्या बहिणीला तीन वर्षं ओळखतो. तुमचं ॲप ओळखत नाही. मग सिक्युरिटी कोणाकडे जास्त आहे?”

“कमिटी डिसाइड करेपर्यंत ते काढून ठेवू या का?”

“काढा. मी परत जोडेन. मला तेवढंच येतं.”

मागच्या रांगेतून एक निवृत्त मास्तर उठले आणि मला म्हणाले, “बाई, आमच्या फ्लॅटलाही जोडून द्याल का?” त्यांच्यामागे आणखी दोघांनी हात वर केले. सेक्रेटरीने चष्मा काढून पुसला आणि ‘तूर्तास असू दे’ असं लिहून घेतलं. आईशप्पथ, मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

बुधवारी सकाळी फोन मुका झाला. ताईला मी अजून कळवलं नव्हतं. एक-दोन दिवस नीट चालतो का पाहावं, मग सांगावं, असा विचार होता. रिसीव्हर उचलला तर सामसूम. सेक्रेटरीच, दुसरं कोण? समोर गोड बोलून मागे कात्री. त्याच्या नावाने मनातल्या मनात काय वाटेल ते बोलत, काळा फोन बगलेत मारून मी खाली गेले.

पण सवय सुटत नाही. आधी बिघाड शोधायचा, मग भांडायचं. केबिनमध्ये फोन लावून पाहिला. आवाज येत होता. जिन्याखालच्या पेटीत लावून पाहिला. तिथेही स्वच्छ आवाज. म्हणजे पेटीपर्यंत लाइन शाबूत. बिघाड त्याच्या वर होता आणि वर फक्त भिंत आणि माझं घर. मी तिथेच पायरीवर बसले. नोकरीत हजारदा ग्राहकांना सांगितलं होतं, “बिघाड तुमच्या घरात आहे.” ते कसं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

वर येऊन प्लेट उघडली. एक तार स्क्रूमधून काढलेली आणि टोकाला इन्सुलेशन टेप व्यवस्थित गुंडाळलेली. तुटलेली तार अशी टेप लावून बसत नाही. माझा मुलगा लहानपणापासून नीटनेटका आहे.

तो त्या दिवशी घरूनच काम करत होता. मी त्याच्यासमोर प्लेट ठेवली. त्याने लॅपटॉप मिटला.

“सेक्रेटरीचे मेसेज आले?” मी विचारलं.

“आले. पण त्यासाठी नाही केलं.” त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. “आई, दिवसभर तू एकटी असतेस. ॲपवर आलं तर मला कळतं तरी, कोण आलं, कोण गेलं. त्या फोनवर तू कोणालाही आत घेशील. उद्या काही झालं तर?”

खोटं बोलत नव्हता. भीती खरी होती. तेवढ्यासाठी माझा आवाज चढला नाही, नाहीतर त्या दिवशी सातवा मजला दणाणला असता.

“तुला कळावं म्हणून मला कळू नये?” मी म्हणाले. “चौतीस वर्षं मी कोणाचा आवाज खरा आणि कोणाचा खोटा हे ऐकून ओळखत आले. माझ्या दारात कोण येणार, हे मी ठरवणार. तुला काळजी वाटली तर मला विचार, पण तार काढायची नाही. आणि पुन्हा काढलीस, तर मी पुन्हा लावीन. तू थकशील.”

त्याच्यादेखत मी टेप सोलली, तार स्क्रूखाली घेतली आणि आवळली. मग ताईला फोन केला. “उद्या ये,” म्हटलं. “माझी पुरते.”

“बघते,” ती म्हणाली. तिच्या भाषेत ते ‘येते’ असतं.

गुरुवारी सव्वाअकराला घंटा वाजली. मुलगा हॉलमध्ये काम करत होता, फोन त्याच्या हाताशी होता. त्याचा हात रिसीव्हरकडे गेला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. त्याने हात मागे घेतला.

“आई,” तो म्हणाला, “तुझा फोन.”

माझे गुडघे दुखतात, मला पोचायला वेळ लागला. घंटा वाजत राहिली. त्याने उचलला नाही.

“आजी, ताई आल्या तुमच्या,” वॉचमन म्हणाला. “पाठवू काय?”

“पाठवा,” मी म्हणाले.