सहा काळ्या रिंगा आणि रफिकचाचांची कानस

मागच्या सोमवारी आमच्या सिन्नरच्या वर्कशॉपमध्ये मी पार गोंधळलो... अजून पूर्ण सावरलेलो नाही.

एका संशोधन संस्थेच्या मॅडमनी आमच्याकडून ॲल्युमिनियमच्या सहा रिंगा करून घेतल्या होत्या, दुर्बिणीच्या यंत्राच्या आत बसवायला, काळ्या करून. लांबच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह बघायचेत म्हणे. त्यांना स्वतःचा उजेड नाही, ताऱ्याचा पडतो त्यातलाच थोडा परत येतो... मग यंत्र आतून काळंकुट्ट कशाला? काही कळेना.

त्यात ड्रॉइंगवर लिहिलेलं, आतली कड धारदार ठेवा. आमच्याकडे कुठलाही जॉब कड मोडल्याशिवाय, म्हणजे कानशीने धार घालवल्याशिवाय, बाहेर जात नाही, नाहीतर समोरच्याचा हात कापतो. मला वाटलं, ड्रॉइंगवालाच चुकला. रफिकचाचांना म्हटलं, ती ओळ सोडा.

चाचा माझ्या वडिलांच्या वेळेपासून, तीस वर्षं, आमच्याकडे कानस चालवतायत. त्यांनी सहाही कडा अशा गुळगुळीत केल्या की लहान पोराच्या हातात खुशाल द्याव्यात. मग रिंगा काळ्या करून आणल्या.

मॅडमनी कडेवरून बोट फिरवलं. स्टोअरचं दार लावून अंधार केला, मोबाइलचा टॉर्च तिरका मारला. काळ्या रिंगेत एक बारीक रेघ चमकली... बरोब्बर चाचांनी गोल केलेल्या कडेवर.

"ताऱ्याचा उजेड गोल कडेवर असाच चमकेल, आणि ग्रहाचा उजेड या रेघेपेक्षा कितीतरी कमी असतो. आम्हाला ग्रहाऐवजी हीच दिसत राहील," त्या म्हणाल्या.

सहाही रिजेक्ट. मी काही बोलायच्या आत चाचा पुढे झाले. "चूक माझीये मॅडम. हाताला आदत पडली ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सांगून टाकलं, ती ओळ मीच सोडायला लावली. मॅडमनी आठ दिवस दिले.

चाचांनी कानस ड्रॉवरमध्ये ठेवली आणि नव्या रिंगांची धार बारीक दगडाने जपून काढली. अंगठा दोनदा कापून घेतला. खोक्यावर स्वतः मार्करने लिहिलं, 'धार आहे, जपून'.

काल पुन्हा टॉर्च लागला. आम्ही तिघं अंधारात डोळे ताणून बघत होतो... काहीच दिसेना. मॅडम एवढ्या खूश झाल्या की चाचांना काय करावं ते सुचेना!

तो ग्रह नेमका कसा दिसणार, हे मला आजही उमगलेलं नाही. पण दिसलाच कधी, तर चाचांचं काम तेवढं कुणाला दिसायचं नाही... म्हणून इथे लिहून ठेवतोय.