जांभळ्या झग्यातली बोलणी

माझ्या होणाऱ्या जावयाला मी घराबाहेर काढलं, तेव्हा मी जांभळा झगा घातला होता.

(गैरसमज नको. मी निवृत्त इंजिनिअर आहे.) त्या हिवाळ्यात कॅनडातल्या आमच्या एटोबिकोच्या मराठी मंडळानं राणी व्हिक्टोरियाच्या जमान्यातलं एक इंग्रजी प्रहसन मराठीत बसवायला घेतलं होतं. लेडी पेनेलोपी नावाची एक खाष्ट आत्या, तिची गरीब गाय भाची आणि भाचीवर जीव टाकणारा एक कफल्लक तरुण. तो मोठ्या इस्टेटीचा वारस असल्याची थाप मारतो, आत्या उलटतपासणी घेऊन त्याला हाकलते आणि शेवटी आत्याबाईच एका खानसाम्याची मुलगी निघतात! तेव्हा तिकडे घराणं, जमीनजुमला, वडील कोण, हे विचारल्याशिवाय मुलीची सावलीही दाखवत नसत. म्हणजे सगळं आपल्यासारखंच, फक्त पोह्यांच्या जागी केक.

खाष्ट आत्या व्हायला मंडळातली एकही बाई तयार होईना. शेवटी मी पुढे झालो. (मिशी मात्र प्रयोगाच्या दिवशीच काढणार, असं बजावून!) त्यातच नाटकातल्या तरुणाला कॅल्गरीत नोकरी लागली आणि तो गेला. सेक्रेटरी म्हणाले, "रविवारी तीन वाजता नवा मुलगा पाठवतो. घरीच तालीम घ्या."

त्याच रविवारी चार वाजता आमच्या मुलीचा, मुक्ताचा, ओंकार आम्हाला पहिल्यांदा भेटायला येणार होता. सुलभानं, म्हणजे बायकोनं, मला हे तीनदा सांगितलं होतं म्हणे. मी संवाद पाठ करता करता तिन्ही वेळा "हो हो" म्हटलं असणार. मायलेकी ग्रोसरीला गेल्या आणि मी झगा, विग, पंखा असा जामानिमा करून तयार झालो.

तीनला बेल वाजली. दारात बर्फ झटकत एक सडपातळ मुलगा उभा. आपला माणूस चक्क तासभर आधी येईल, हे मायलेकींच्या स्वप्नातही आलं नसणार! त्यानं मला विगपासून पायापर्यंत पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. (वा! भूमिकेत शिरूनच आलाय!)

"बैस," मी लेडीच्या आवाजात म्हणालो. "वडील काय करतात?"

"सांगलीला शिक्षक होते. आता रिटायर झालेत."

नाटकात वडील सरदार होते. पण म्हटलं, पोरगा मनानं भर घालतोय, घालू दे.

"जमीनजुमला?"

"थोडी आहे. हळद लावतात. पण ती काका बघतात."

"आणि इथे राहतोस कुठे?"

"बेसमेंटमध्ये. तिघं शेअर करतो. इथे कायम राहायला पीआरसाठी अप्लाय केलंय, पण अजून..." त्याचा आवाज कापला. डोळ्यांत खरं पाणी! मंडळाला हिरा सापडला, मी मनात म्हटलं.

"मग माझ्या भाचीला देणार काय तू?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "स्वयंपाक मी करीन. भांडीही घाशीन. आत्ता तरी एवढंच आहे."

मी ताडकन उठलो. "भणंगा! तुझ्या हाती भाची देण्यापेक्षा मी तिला जन्मभर कुवारी ठेवीन! चालता हो!"

इथे तरुणानं आत्याच्या पायावर लोळण घ्यायची असते. यानं शांतपणे बूट घातले, "सॉरी, आत्या" म्हणाला आणि दार हळूच लावून घेतलं. मी एकटाच टाळ्या वाजवत राहिलो!

दहा मिनिटांनी फोन आला. "काका, मी नाटकातला नवा मुलगा. हायवेवर अडकलोय, अर्धा तास तरी लागेल."

मी खालीच बसलो. तेवढ्यात मायलेकी आल्या.

"दारात हे पावलांचे ठसे कुणाचे? ओंकार आला का हो?"

"आला होता," मी म्हणालो.

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, व्हॉट डिड यू डू?"

या मुलीनं कित्येक वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. फक्त "त्याच्याशी नीट बोला" एवढंच मागितलं होतं. झगा दोन्ही हातांनी उचलून मी बस स्टॉपकडे धावत सुटलो. फावड्यानं बर्फ काढणारा शेजारी थांबून म्हणाला, "नाइस ड्रेस!"

ओंकार स्टॉपवरून, सांगलीत रात्रीचे दोन वाजलेले असताना आईला उठवून, आत्यांनी हाकलल्याचं फोनवर सांगत होता. मला पाहून त्यानं घाबरून फोन ठेवला.

"अरे, मी मुक्ताचा बाबा! ती नाटकाची तालीम होती!"

"मला वाटलं, तुम्ही आत्या."

"मिशीवाली?"

"काका, इथे कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सांगितलंय, कुणाच्या दिसण्यावर बोलायचं नाही."

"आणि ते प्रश्न?"

"प्रश्न बरोबरच होते की. माझ्या दादालाही मुलीकडच्यांनी हेच विचारले होते."

मी त्याला मिठी मारली. नाटकातला तरुण आत्यापुढे थापा मारतो; हा पोरगा, मी इतकं घालूनपाडून बोलल्यावरही, एक शब्द खोटा बोलला नव्हता. मला तो तिथेच, त्या थंडीत, मनापासून आवडला. घरी पोहे झाले आणि दुसऱ्या बशीनंतर मुक्ताही माझ्याशी बोलू लागली.

वसंतात व्हिडिओ कॉलवर बोलणी झाली. मी कोट घालून बसलो, खाकरून म्हणालो, "आमच्याकडून होकार आहे." सांगलीहून ओंकारच्या आई गोड हसल्या. सासरा झगा घालून फिरतो, हे आईला सांगायचं धाडस चिरंजीवांना झालेलंच नव्हतं!

"तुमचं ठीक आहे हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वभावानं मवाळ दिसता. पण शेवटचा शब्द आत्याबाईंचाच असणार. त्यांना बोलवा ना जरा!"

तीस वर्षं या घरात आपलं चालतं, अशा समजुतीत मी होतो. विहीणबाईंनी दोन मिनिटांत ओळखलं, की माझ्या शब्दाला वजन नाही. ते यायचं तर मला दुसरंच कुणीतरी व्हावं लागतं!