चुन्याच्या पाण्याचं घमेलं

भाषणाला उभं राहण्याआधी डॉक्टरसाहेब दारात घमेलं ठेवायचे. त्यात चुन्याचं पाणी, पायाला चिकटून रोग आत येऊ नये म्हणून. आधी स्वतःचे बूट बुडवायचे, मग हाक मारायचे, "पहिले पाय बुडवा, मंग आत या." सरपंच असो की मोठा पाहुणा, सुटका कोणाचीच नाही.

वक्ते तुम्हीही पुष्कळ ऐकले असतील. मी जरा जास्तच ऐकले, कारण बचत गटांच्या कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणांसाठी गोंदियाहून वक्ते घेऊन गावोगाव फिरणं हेच माझं काम. हे गुरांचे निवृत्त डॉक्टर मात्र निराळे. मी हौसेनं फलकावर 'जैवसुरक्षा' लिहून आणायची. ते फलकाकडे बोट दाखवायचे, "या मॅडमनं मोठा शब्द लिहून आनला. त्याचा अर्थ येवढाच, कोंबडी मेली त लपवू नका. शेजारनीले सांगा." बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेलं की थांबायचे. "जाऊ द्या त्याले. तोही शिकूनच राहिला." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

एकदा एक तरुण तज्ज्ञ आजारी कोंबडीचा फोटो टाकायचं ॲप घेऊन आला. साहेबांनी बायांना विचारलं, "फोन कोनापाशी राहते?"

"पोरापाशी."

"अन् कोंबड्या कोन पाह्यते?"

"आमी!"

साहेब त्याच्याकडे वळले. "मंग बाप्पा, पोराले कायले शिकवून राहिले?" तो ओशाळला, पण वहीत लिहून घेतलं त्यानं.

आता माझं सांगते. त्या दिवशी दोन गावं होती. सकाळच्या गावात एका बाईनं मान टाकलेली कोंबडी दाखवली. अहवालाला फोटो हवा म्हणून मी थेट तिच्या खुराड्यापाशी गेले. निघताना साहेबांनी गाडीजवळ घमेलं ठेवलं, बूट बुडवले आणि विचारलं, "बाई, पाय बुडवले?"

"हाव," मी म्हटलं.

नव्हते बुडवले. पायात नव्या कोऱ्या चामड्याच्या चपला होत्या आणि चुन्यानं त्या खराब झाल्या असत्या. एवढंच कारण. आज लिहितानाही लाज वाटते.

दुपारच्या गावात गाडीतून उतरताच, दारात घमेलं मांडण्याआधीच, एका गटाच्या अध्यक्षीणबाईनं आग्रहानं चहाला नेलं. अंगणभर तिच्या कोंबड्या, मी त्यांच्यातूनच चालत गेले. आठवडा झाला नाही तोच तिथं कोंबड्यांत मानमोडीची साथ सुरू झाली. तिचं अंगण पहिलं रिकामं झालं, मग गल्लीच.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती बाई सभेत उभी राहिली. "आमच्या गावात काहीच नव्हतं. तुमीच आनलं!"

कदाचित बाजारातूनही आलं असेल, कोण सांगणार? साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून हजेरीचे कागद सारखे करत बसले. मग ते उठले. "हाव, माय. माह्याच पायानं आलं असंन. चूक माही हाय."

घमेल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस! आणि मी, रोज 'लपवू नका' ऐकणारी, तोंड शिवून बसलेली.

त्यानंतर गावंच म्हणू लागली, तो डॉक्टर नको. वक्त्यांची नवी यादी निघाली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. ती यादी मीच टाईप केली. खरं सांगायला त्यांच्या घरी जायचं ठरवत राहिले आणि पुढे ढकलत राहिले. अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस ते गेल्याचा फोन आला.

तेराव्याला गेले. दारात घमेलं होतंच, कोरडं, काठाला पांढरा चुना धरलेलं. त्यांच्या पत्नीनं मला ओळखलं. "तुमी त्या फोटोवाल्या मॅडम ना? लय आठवन काढत तुमची."

मला रडू आलं. म्हटलं, "काकू, त्या गावात साहेबांची चूक नव्हती. मी पाय..."

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "सभेवरून घरी येऊन त्याच दिवशी सांगतलं त्याहिनं. बाईच्या चपला नव्या होत्या, कोरड्याच दिसल्या, मीच दुसऱ्यांदा टोकलं नाही, म्हने. चूक माहीच."

त्या आत जाऊन बादली घेऊन आल्या आणि घमेल्यात पाणी ओतलं. त्याच चपला होत्या माझ्या पायात, आता झिजलेल्या. मी दोन्ही पाय बुडवले आणि किती तरी वेळ तशीच उभी राहिले. "बाई, पाय बुडवले?" असं आतून कोणी विचारलं नाही.