पोटाचं गाऱ्हाणं

एसटी यायच्या आधी बाबा मला ग्रामदेवाच्या देवळात घेऊन गेले. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घरचा. सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “पोरगी रत्नागिरीला कॉलेजात जातेय, तिला सांभाळ रे म्हाराजा!” मागून तुम्ही सगळे वाडीकर ओरडलात, “व्हय म्हाराजा!” ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. तुमच्यातले काही अजून तिथेच आहात, काही माझ्यासारखे कुठे कुठे पांगलात. तुम्हा सगळ्यांनाच हे सांगतेय, कारण तेव्हा मी घाबरून गप्प बसले होते.

हॉस्टेलात पहिली परीक्षा जवळ आली आणि पोटात कळा सुरू झाल्या. प्रॅक्टिकलला उभी राहिले की कळ. मग दोन-तीन दिवस काहीच नाही, पोट नुसतं तट्ट फुगलेलं. मेसचं तिखटजाळ कालवण, चहावर काढलेली जागरणं, आणि सकाळी संडासापुढे बादल्या घेऊन उभ्या मुलींची रांग. गंमत बघा, आमच्या घरी तेव्हा संडासच नव्हता, तरी तिथे मला कधी घाई झाली नाही. घरी यायचं असलं की मी आदल्या दिवसापासून उपाशी राहायची. आमच्या संगमेश्वरपर्यंत गाडी मध्येच थांबवायला सांगायची वेळ आली तर? एवढ्या विचारानेच घाम फुटायचा. आणि उपाशी पोट गप्प बसण्याऐवजी आणखीच बोंबलायचं.

पण खरी भीती निराळीच होती. माझी आत्या पोटाच्याच दुखण्याने गेली. वर्षभरात वाळून काडी झाली होती बिचारी. मला वाटायचं, तेच आता माझ्या आतड्यात येऊन बसलंय. सांगणार कुणाला? बाबांना कळलं की ते देवापुढे जाणार, म्हणजे सगळ्या गावाला कळणार. मग कॉलेज बंद, आणि पोटाची रोगी म्हणून लग्नाचंही अवघड. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तेव्हा खरंच वाटायचं.

शिमग्याला घरी आले. देवाची पालखी आमच्या अंगणात आली. नारळ ठेवून बाबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. भाताचं, गुरांचं सांगून झालं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जेवण टाळत होते, ते आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं, आणि तिने ते बाबांच्या कानावर घातलं होतं. “माझ्या पोरीच्या पोटात काय इडापिडा आसंल, ती भायेर काढ रे म्हाराजा!” सगळं गाव ओरडलं, “व्हय म्हाराजा!” धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पालखी पुढे गेली. शेजारची काकी मला पडवीत घेऊन बसली. आत्याच्या आजारपणात सगळं तिनेच केलं होतं. तिने सरळ विचारलं, “रगत जाताय काय गो?”

“नाही.”

“आंगानं उतरलीस? तापबीप?”

“नाही गं काकी.”

“तुज्या आत्येचा रगत जायाचा. ह्यो तो रोग न्हवं. माजा लगीन ठरला तवा माजाबी पोट आसाच वळायचा.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पुढच्याच आठवड्यात बाबांनी मला रत्नागिरीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तपासून तेच सांगितलं: आतड्याला रोग नाही, पण काळजी, जागरण आणि उपासमार त्याला सोसत नाही. वेळेवर जेव, चहा कमी कर. कॉलेज बंद झालं नाही.

आता मी बडोद्याला असते. इथले डॉक्टर त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. दुखणं गेलं नाही. आजही प्रवासाला निघताना जिवाची धाकधूक होते, लग्नाच्या हॉलवर गेले की आधी टॉयलेट कुठे ते बघून ठेवते. ऑफिसात, सोसायटीत मात्र कुणाला काही कळू देत नाही. कळ आली की फोन आल्याचं निमित्त करून उठते.

गावी गेले की अंगणात पाय ठेवायच्या आधीच कोणीतरी वाटेवरून ओरडून विचारतं, “पोट बरा हाय ना गो?” आणि मीही तिथूनच ओरडून सांगते. माझ्यासाठी घर म्हणजे आता तेवढंच: जिथे पोटाचं असं ओरडून सांगता येतं ती जागा.