हुकावरचा पिवळा रंग

निहार, सई,

निहार, परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "आजी, आमच्या कारखान्यातलं ते होइस्ट कधीच बिघडलं नाही, म्हणून यंदा त्याची तपासणी वगळली." मग तू जेवणाचं बोलू लागलास. मी हो हो म्हणत होते, पण मन त्या होइस्टपाशीच अडकलं होतं. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. सई, होइस्ट म्हणजे ओझं वर उचलणारं यंत्र; तुझं काम संगणकावरचं असलं तरी तूही वाच.

डिचोलीजवळच्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स इंजिनिअर होते. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये भरतात. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणासारखी ही बादली, पण आत माणूस उभा राहील एवढी. छताखालच्या क्रेनचा हूक ती उचलून साच्यांपर्यंत नेई. क्रेन चालवायचा लाटंबार्सेचा रघुनाथ गावस. खाली ओतणाऱ्यांत त्याचा धाकटा भाऊ दत्ता.

कंपनीने मला रिलायबिलिटी प्रोग्राम उभा करायला सांगितलं. अर्थ सोपा: यंत्र बिघडल्यावर धावायचं नाही, बिघडण्याआधी त्याच्याकडे जायचं. सुरुवात कुठून करायची असं विचारलं, तर आमचे प्लांट मॅनेजर म्हांबरेसाहेब यांनी सतत बंद पडणारी यंत्रं सांगितली. कंप्रेसर, पंप, कन्व्हेअर.

"आणि क्रेन?" मी विचारलं.

"क्रेनचं काय? एकदा तरी थांबली का ती? जी आजारी नाही तिला कशाला डॉक्टर, मॅडम?"

मी क्रम बदलून पाहिला. कोणतं यंत्र जास्त वेळा बिघडतं हे सोडलं. एकदाच बिघडलं तर माणूस मरेल, असं कोणतं? क्रेन पहिली आली. त्या दिवसापासून लॅडल वर गेली की मला बघवत नसे. तोंडावर झळ यायची, खाली दत्ता हात मागे बांधून उभा असायचा, आणि माझी नजर हुकावर.

पण हुकावर दिसणार काय? दर दसऱ्याला आयतनांची पूजा, म्हणजे यंत्रं-हत्यारांची. त्याआधी सगळं रंगवून काढायची आमच्याकडे पद्धत. हुकाला पिवळा ऑइलपेंट, वर्षावर वर्ष, थरावर थर. नव्यासारखा चकचकीत. तपासणीसाठी क्रेन थांबवायला मागितली की म्हांबरेसाहेब म्हणत, "ही ऑर्डर जाऊ दे." ती गेली की दुसरी असायचीच.

पूजेच्या दिवशी मात्र प्लांट कुणी न सांगता बंद राही. त्या वर्षी पूजेच्या सकाळी हूक रंगवायला खाली फळीवर उतरवला होता. मी रघुनाथला म्हटलं, "रंग लावू नकोस. आहे तो खरवडून काढ."

"बाई, लग्नाच्या दिवशी नवऱ्याचे कपडे काढूक सांगता काय तुमी?"

सगळे हसले. पण त्याने खरवडला. मी लाल डायचा, म्हणजे पातळ रंगाचा, फवारा मारला. ही डाय भेगेत शिरते. वरची पुसून टाकायची आणि पांढऱ्या पावडरचा फवारा मारायचा. भेग असेल तर आतली डाय पांढऱ्यावर उमटते.

"कुंकू तुमीच लायलात," दत्ता म्हणाला. "भटजींनी आता काय करूचा?"

भटजी ताम्हन घेऊन बाजूला थांबले होते. काही उमटू नये म्हणून मी मनात देवाला गाऱ्हाणं घालत होते. एवढं भांडून मागितलेली तपासणी, आणि ती खोटी ठरावी असं मलाच वाटत होतं.

हुकाच्या वाकात लाल रेघ आली. आधी केसाएवढी, मग सुतळीएवढी.

रघुनाथने हुकाकडे पाहिलं नाही. त्याने भावाकडे पाहिलं.

म्हांबरेसाहेबांना बोलावलं. "खरवडताना ओरखडा पडला असेल," ते म्हणाले. "पुन्हा लावा." देवळात मूर्तीला लावलेल्या पाकळ्या पडून मिळालेला कौल मनासारखा नसला की माणसं पुन्हा पाकळ्या लावतात, तसं. मी सगळं पुसून पुन्हा केलं. टॉर्च त्यांनी स्वतः धरला. रेघ त्याच जागी आली, तशीच तिरकी. त्यांनी टॉर्च विझवला.

"उद्या सकाळी हीट आहे," ते हळू म्हणाले. हीट म्हणजे एक भट्टीभर लोखंड. "तेवढी एक निघेल ना? त्यानंतर बदलू."

"निघेलही. कालची निघालीच की."

काल म्हांबरेसाहेब स्वतः दोन पाहुण्यांना घेऊन त्या लॅडलजवळ उभे होते.

रघुनाथने कंबरेला लावलेली क्रेनची चावी काढून त्यांच्यासमोर धरली. "साहेब, ही घेवा. दत्ता खाली असताना मी वर चडचो नाय."

भटजींनी विचारलं, "सुरू करू?"

"बाकीच्या यंत्रांची करा," म्हांबरेसाहेब म्हणाले आणि चावी घेतली. "क्रेन बंद. मॅडम, टॅग लावा."

झेंडूचा हार घालायचा तिथे मी 'चालवू नये' असं लिहिलेला लाल टॅग बांधला. गाठ दोनदा आवळली.

ऑर्डर उशिरा गेली. गिऱ्हाइकाची बोलणी म्हांबरेसाहेबांनी खाल्ली, माझं नाव पुढे केलं नाही. नवा हूक बसला. जुना कापून पाहिला, तर भेग अंगठ्याच्या पेराएवढी आत गेली होती. ती कधीपासूनची, आणि कितीजणांच्या डोक्यावरून गेली, ते कुणाला सांगता आलं नाही. त्यानंतर मी मागितलेल्या तपासण्या मिळत गेल्या. माझी भीती काही गेली नाही. तिला करायला काम मिळालं, एवढंच.

निहार, न बिघडलेलं यंत्र आणि न तपासलेलं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. उद्या ऑफिसात गेलास की त्या होइस्टचं आधी विचार.

फाउंड्रीचे मालक आता बदललेत. रघुनाथ काजूच्या बागेत असतो. दत्ता अजून साच्यांपाशी काम करतो. दसऱ्याला सगळी यंत्रं रंगवतात. हुकाला रंग लावत नाहीत.